सायकलचे विद्युतीकरण व घटमाला

साध्या पायडलच्या सायकलला विद्युत् चलित्र म्हणजे मोटार, तिचा नियंत्रक आणि विद्युत् घटमाला म्हणजे बॅटरी जोडून चालविणाऱ्याच्या श्रमांना साहाय्य मिळवून देणे, यास सायकलचे विद्युतीकरण म्हणता येईल. हे काम कारखान्यात होते, तसेच घरीही होते. जुन्या सायकलवर बसविण्याजोगे तयार संच मिळू लागल्यापासून घरगुती विद्युतीकरणाचे प्रमाण जगभर वाढले आहे. या वाहनाच्या इतिहासाकडे पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. चलित्र कोठे बसवावे याची बहुतेक उत्तरे एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच सुचलेली होती. घटमाला कोणती घ्यावी व ती कोठे बसवावी हा प्रश्न मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ सुटला नाही. तो वजनाच्या बाबतीत सुटला तेव्हा सुरक्षिततेच्या रूपाने पुन्हा उभा राहिला.

आरंभीचे प्रयत्न : पुन्हा पुन्हा भारित करता येईल असा विद्युत् घट फ्रेंच भौतिकीविज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केला. शिशाचे दोन पत्रे मध्ये विभाजक ठेवून गुंडाळावयाचे व विरल सल्फ्यूरिक अम्लात बुडवावयाचे, अशी त्याची रचना होती. हे पत्रे कार्यक्षम होण्यासाठी ते अनेकदा भारित व विसर्जित करावे लागत. कामीय फोर यांनी १८८१ च्या सुमारास पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडाचा लेप देण्याची युक्ती काढली आणि शिसे-अम्ल घट व्यापारी उत्पादनास योग्य झाला. वाहनावर वीज साठवून नेण्याची कल्पना त्याच वर्षी प्रत्यक्षात यावी, यात नवल नाही.

एप्रिल १८८१ मध्ये पॅरिसच्या रस्त्यावर ग्यूस्ताव्ह त्रूव्हे यांनी एक तीनचाकी सायकल विजेवर चालवून दाखविली. सायकल इंग्लंडमध्ये बनलेली होती. तिला दोन लहान चलित्रे व प्लांते यांच्या पद्धतीचे सहा संचायक घट जोडलेले होते. चालकासह एकूण वजन सुमारे १६० किग्रॅ. आणि वेग ताशी सुमारे १२ किमी. होता. म्हणजे चालत्या माणसापेक्षा ती निश्चित वेगवान होती, पण पायडल मारणाऱ्या माणसापेक्षा नव्हती. पुढच्याच महिन्यात त्रूव्हे यांनी आपले चलित्र सीन नदीवरील एका होडीला लावले व ते अधिक यशस्वी ठरले. पाण्याला वजनाची तक्रार नसते.

इंग्लंडमध्ये विल्यम एअर्टन व जॉन पेरी या प्राध्यापकद्वयाने १८८२ च्या सुमारास केलेली तीनचाकी अधिक विचारपूर्वक रचलेली होती. शिसे-अम्लाचे दहा घट बैठकीखाली ठेवलेले होते. त्यांचा एकूण विद्युत् दाब सुमारे २० व्होल्ट होता आणि चलित्र अर्ध्या अश्वशक्तीचे होते. वेग कमीजास्त करण्यासाठी निराळा नियंत्रक नव्हता. चालक एकेक घट मंडलात घेई किंवा सोडून देई. दिवेही विजेचेच होते. एका भारणात ती रस्त्याच्या चढउतारानुसार १६ ते ४० किमी. जाई, असे सांगितले जाते. घट शक्य तितके खाली आणि चाकांच्या मधोमध ठेवावेत, हे तत्त्व या वाहनात स्पष्ट दिसते. आज सायकलवर घटमाला बसविणाऱ्यास यापेक्षा वेगळा सल्ला देता येणार नाही.

दोन चाकांच्या सायकलला तीन चाकांइतकी जागा नव्हती. अमेरिकेतील ओहायओ राज्यातल्या कँटन येथील ऑग्डेन बोल्टन यांस ३१ डिसेंबर १८९५ रोजी मिळालेल्या एकस्वात म्हणजे पेटंटमध्ये चलित्र मागील चाकाच्या तुंब्यातच बसविलेले असून घटमाला सांगाड्याच्या त्रिकोणात आडव्या दांडीखाली टांगलेली आहे. आजच्या असंख्य विद्युत् सायकलींची मांडणी नेमकी हीच आहे. मात्र बोल्टन यांनी १० व्होल्ट दाब व १०० अँपिअरपर्यंत प्रवाह गृहीत धरला होता. दांडीखाली मावेल एवढ्या शिशाच्या घटमालेतून असा प्रवाह फार काळ मिळणे शक्य नव्हते. दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, बॉस्टनच्या होझी लिबी यांनी चलित्र पायडलच्या आसाशी बसविण्याचे एकस्व घेतले, तर १८९९ मध्ये जॉन श्नेप्फ यांनी मागील चाकाच्या धावेवर घासून फिरणारा रूळ सुचविला. तुंबा, पायडलचा आस आणि घर्षणरूळ या तिन्ही जागा अशा रीतीने पाच वर्षांच्या आत ठरून गेल्या. त्यानंतरची नव्वद वर्षे या आराखड्यांना वाट पाहावी लागली, ती योग्य घटमालेची.

ही वाट पाहण्याचे कारण साध्या अंकगणितात आहे. एक किग्रॅ. पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते. शिसे-अम्ल घटमालेच्या एक किग्रॅ. वजनात ३० ते ४० वॉट-तास. एंजिनात निम्म्याहून कितीतरी अधिक उष्णता वाया जाते हे धरले, तरी तफावत प्रचंडच राहते. विसाव्या शतकाच्या आरंभी सायकलला लहान एंजिन जोडून मोटारसायकल तयार झाली आणि विजेच्या सायकलीचे कारण संपल्यासारखे झाले. एडिसन यांचा निकेल-लोह घट व स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांचा निकेल-कॅडमियम घट याच काळातले. पण तेही पुरेसे हलके नव्हते. नेदर्लंड्समध्ये १९३० नंतरच्या दशकात फिलिप्स कंपनीच्या सहभागाने विद्युत् सायकली तयार झाल्या. त्यांचा प्रसार मर्यादित राहिला. भारतात पायडल व यंत्र यांची सांगड घालण्याचे काम पुण्याच्या कायनेटिक एंजिनियरिंग कंपनीच्या ‘लूना’ या पेट्रोलच्या वाहनाने १९७२ पासून केले. तेच नाव धारण करणारी विजेची दुचाकी बाजारात यावयास २०२४ साल उजाडावे लागले.

अपयशाचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनमधील सिंक्लेअर सी ५ हे होय. गणकयंत्रांमुळे प्रसिद्धीस आलेले क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १० जानेवारी १९८५ रोजी हे पायडलचे तीनचाकी वाहन लंडनमध्ये जाहीर केले. त्याचे स्वतःचे वजन सुमारे ३० किग्रॅ. व त्यातील १२ व्होल्टच्या शिसे-अम्ल घटमालेचे आणखी १५ किग्रॅ. होते. ऐन हिवाळ्यात दाखविलेल्या या वाहनाची घटमाला थंडीने मंदावली. थंडीत घटातील रासायनिक विक्रिया संथ होते व उपलब्ध ऊर्जा घटते, हे घटाच्या अभ्यासकास नवीन नव्हते. वर्ष संपण्यापूर्वीच उत्पादन थांबले.

जपान आणि चीन : जपानमधील यामाहा कंपनीने नोव्हेंबर १९९३ मध्ये ‘पास’ ही सायकल आणताना प्रश्नच वेगळा मांडला. चलित्राने सायकल ओढावयाची नाही, चालक जेवढा जोर पायडलवर देईल तेवढाच जोर यंत्राने आपल्या बाजूने द्यावयाचा. पायडलवरील जोर मोजणारा संवेदक हा या सायकलचा गाभा होता. वेग वाढत जाईल तसे साहाय्य कमी होऊन ताशी २४ किमी.ला ते बंद होई. अशा योजनेत लहान घटमाला पुरते. घटमाला २४ व्होल्टची, शिसे-अम्लाची व उतरवून घरात नेता येण्याजोगी होती, तर संपूर्ण सायकलचे वजन सुमारे ३१ किग्रॅ. होते. पुढे याच जपानी सायकलींत निकेल-कॅडमियम, निकेल-धातू हायड्राइड आणि शेवटी लिथियम-आयन असे घट क्रमाने आले. ऊर्जेची गरज कमी करणे हा घटमाला हलकी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, हा यामाहाचा धडा घरी सायकल बदलणारे सहसा विसरतात.

चीनने दुसरा मार्ग धरला. तेथील अनेक शहरांनी १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून पेट्रोलच्या मोटारसायकलींवर निर्बंध घातले. १९९९ च्या राष्ट्रीय मानकाने ताशी २० किमी. वेग व ४० किग्रॅ. वजनापर्यंतच्या विद्युत् वाहनांस सायकल मानले. बारा व्होल्टचे तीन किंवा चार बंदिस्त शिसे-अम्ल संच एकापुढे एक जोडून ३६ किंवा ४८ व्होल्टची घटमाला करावयाची, ही पद्धत तेथे रूढ झाली. ती जड होती, परंतु स्वस्त होती, कोणत्याही कोपऱ्यावरच्या दुकानात बदलून मिळे आणि जुन्या शिशाला भाव येई. चीनमधील अशा वाहनांची संख्या आज सुमारे ३५ कोटी सांगितली जाते. या स्वस्ताईची दुसरी बाजू म्हणजे शिशाच्या कारखान्यांभोवतीचे विषारण. ते उघडकीस आल्यावर २०११ मध्ये तेथील सरकारने असे शेकडो कारखाने बंद पाडले. ३६ व ४८ व्होल्ट या दोन दाबांना जगभर जे प्रमाणाचे स्थान मिळाले, ते मुळात बारा व्होल्टच्या शिशाच्या संचांमुळेच. लिथियम घटांनी ते आकडे वारसाहक्काने घेतले.

लिथियम घटांचे आगमन : लिथियम-आयन घटाची जडणघडण स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ व आकिरा योशिनो यांच्या १९७० ते १९८५ या काळातील संशोधनातून झाली आणि सोनी कंपनीने १९९१ मध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ यांच्या टेक्सस येथील प्रयोगशाळेत अक्षय पाढी व के. एस. नंजुंडस्वामी या भारतीय संशोधकांच्या सहभागाने लोह-फॉस्फेटाचे धनाग्र विकसित झाले. त्यावरील निबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. आज सायकलसाठी घटमाला निवडताना निकेल-मँगॅनीज-कोबाल्टाचे घट घ्यावेत की लोह-फॉस्फेटाचे, हा जो पहिला प्रश्न येतो त्याचा उगम येथे आहे.

बाजारातील बहुतेक सायकल घटमाला १८ मिमी. व्यासाच्या व ६५ मिमी. लांबीच्या दंडगोल घटांच्या केलेल्या असतात. हा आकार मूळचा सुवाह्य संगणक व ध्वनिचित्रमुद्रक यांच्यासाठीचा. निकेलयुक्त घटाचा सरासरी दाब ३·६ व्होल्ट असल्यामुळे असे दहा घट एकसरी, म्हणजे एकापुढे एक, जोडले की ३६ व्होल्ट मिळतात आणि तेरा जोडले की ४८ च्या जवळपास. प्रत्येक पायरीवर चार घट समांतर जोडले असता २·५ अँपिअर-तासांच्या घटांतून १० अँपिअर-तास क्षमता येते. अशा चाळीस घटांचे वजन दोन किग्रॅ.हूनही थोडे कमी भरते व त्यांत ३६० वॉट-तास मावतात. तेवढ्याच ऊर्जेसाठी शिशाचे किमान दहा किग्रॅ. लागतात, आणि ते दहा किग्रॅ.ही कागदावरचे. शिसे-अम्ल घटाची क्षमता वीस तासांच्या संथ विसर्जनावर मोजलेली असते. सायकलवर तो तासाभरात रिकामा होतो, तेव्हा जवळजवळ साठ टक्केच ऊर्जा हाती येते. एवढा फरक पडल्यावर घरगुती विद्युतीकरणाचा प्रसार होणे स्वाभाविक होते. कॅलिफोर्नियातील झॅप कंपनी १९९० नंतरच्या दशकात शिशाची घटमाला व घर्षणरूळ असलेले संच विकत असे. २०१० नंतर मात्र तुंब्यातील चलित्र असलेले चाक किंवा पायडलच्या आसावरील चलित्र आणि लिथियम घटमाला यांचे संच सर्रास मिळू लागले.

घटमालेची निवड : निवडीचा आरंभ दाबापासून न करता रोजच्या अंतरापासून करावा. पायडलची साथ असेल तर सपाट रस्त्यावर ताशी २० ते २५ किमी. वेगाने जाणाऱ्या सायकलला दर किमी.ला सुमारे १० ते १२ वॉट-तास लागतात. पायडल न मारता, चढावर किंवा समोरच्या वाऱ्यात हा आकडा १५ ते २० वर जातो. रोज जाऊनयेऊन ३० किमी. अंतर असेल, तर साधारणतः ३५० वॉट-तास हवेत. घटमाला नेहमी तळापर्यंत रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते आणि काही वर्षांत क्षमता मुळातच कमी होते. म्हणून त्यात पाव हिस्सा वाढवून सुमारे ४५० वॉट-तास, म्हणजे ३६ व्होल्ट व १३ अँपिअर-तास, इतकी घटमाला घेणे शहाणपणाचे. अंतर दुप्पट नसताना दुप्पट क्षमता घेणे म्हणजे वजन व पैसा दोन्ही वाहून नेणे होय.

क्षमतेनंतर प्रवाहाचा विचार येतो, आणि चुका बहुधा येथेच होतात. नियंत्रक जास्तीतजास्त १५ अँपिअर घेत असेल, तर चार समांतर घटांपैकी प्रत्येकावर पावणेचार अँपिअर पडतात. चांगला घट ते सहज देतो. दोनच घट समांतर असतील तर प्रत्येकावर साडेसात पडतात आणि अधिक क्षमतेसाठी बनविलेले घट तापू लागतात. घटमालेच्या वेष्टनावर नुसते अँपिअर-तास लिहिलेले असून सतत देता येणाऱ्या प्रवाहाचा आकडा नसेल, तर ती घेऊ नये. एखाद्या घटमालेची सांगितलेली क्षमता तिच्या वजनाशी ताडून पाहणे हीदेखील साधी व खात्रीची परीक्षा आहे. एक किग्रॅ. वजनामागे २५० वॉट-तासांहून अधिक ऊर्जा सांगणारी स्वस्त घटमाला खरी असण्याचा संभव फार कमी.

लोह-फॉस्फेटाचे घट तेवढ्याच ऊर्जेसाठी दीडपट जड व अधिक जागा घेणारे असतात. त्यांचा दाब ३·२ व्होल्ट असल्याने ३६ व्होल्टसाठी बारा व ४८ साठी पंधरा किंवा सोळा घट लागतात. परंतु त्यांच्या रेणूतील ऑक्सिजन फॉस्फरसाशी घट्ट बांधलेला असतो, तो उष्णतेने सहज सुटत नाही. भारण-विसर्जनाची आवर्तनेही ते अधिक सहन करतात. ज्या घरात घटमाला माणसे झोपतात त्याच खोलीत भारित होणार आहे, तेथे थोडे वजन सोसून हे घट घ्यावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. चाळीत किंवा एका खोलीच्या सदनिकेत दुसरी जागा नसते, हे ध्यानात घ्यावयास हवे.

शिशाच्या आणि लिथियमच्या घटमालांत आणखी एक मूलभूत फरक आहे. शिशाचा घट चुका पोटात घालतो. त्यास अधिक भारित केले तर पाण्याचे विघटन होऊन वायू निघतो, घट हळूहळू खराब होतो, मालक शिकतो. लिथियम घटाचा दाब ४·२ व्होल्टच्या वर गेला की धनाग्राची संरचना ढासळू लागते व ऋणाग्रावर लिथियम धातू साचू लागतो. म्हणून प्रत्येक लिथियम घटमालेत व्यवस्थापन मंडल असावे लागते. हे लहानसे इलेक्ट्रॉनीय मंडल प्रत्येक पायरीचा दाब पाहते, मर्यादेबाहेर गेल्यास भारण किंवा विसर्जन तोडते व पायऱ्यांतील असमतोल दूर करते. शिशाच्या ३६ व्होल्ट घटमालेचा जुना भारक म्हणजे चार्जर सुमारे ४४ व्होल्टपर्यंत दाब देतो. त्याच नावाच्या लिथियम घटमालेची कमाल मर्यादा ४२ व्होल्ट असते. आकडा एकच, खोबणीही पुष्कळदा एकच, आणि परिणाम मात्र प्रत्येक घटावर ४·४ व्होल्ट. व्यवस्थापन मंडल ठीक असेल तर ते भारण तोडील. नसेल तर तोडणारे दुसरे काही नाही.

जुन्या संगणकांतील घट काढून घरी घटमाला बांधण्याची प्रथा अनेक देशांत आहे. त्यामागील काटकसर समजण्याजोगी आहे. पण वेगवेगळ्या वयाच्या घटांची क्षमता व अंतर्गत रोध वेगवेगळा असतो. समांतर जोडणीत सशक्त घटावर अधिक भार येतो व एकसरी जोडणीत अशक्त घट आधी रिकामा होऊन उलटा दाब सोसतो. शिवाय घटावर डाख देताना आतील विभाजकाला उष्णता लागते. कारखान्यात म्हणूनच निकेलच्या पट्ट्या बिंदुवितळजोडाने क्षणार्धात जोडतात. नवे, एकाच उत्पादनगटातील घट व बिंदुवितळजोडाचे यंत्र उपलब्ध नसेल, तर घरी घटमाला बांधू नये, तयार घ्यावी.

बसविणे : घटमालेची उत्तम जागा सांगाड्याच्या त्रिकोणात, शक्यतो खालच्या तिरप्या नळीवर. तेथे वजन खाली व दोन चाकांच्या मध्ये राहते. मागील कॅरिअरवर ठेवलेली घटमाला सोयीची वाटते, कारण दांडी नसलेल्या सायकलीत दुसरी जागाच नसते. परंतु मागील तुंब्यात चलित्रही असेल तर सगळा भार मागील चाकावर येतो, सायकल उभी करताना मागे कलंडते व आरे तुटू लागतात. अशा वेळी चलित्र पुढील चाकात घेतल्यास तोल सुधारतो. मात्र पुढील चिमटा पोलादाचा असावा व चलित्राच्या आसास फिरू न देणारी पट्टी लावावी. नाहीतर आस खाचेतून निसटून चाक बाहेर येते.

परदेशी सायकलींच्या तिरप्या नळीवर पाण्याची बाटली अडकविण्यासाठी ६४ मिमी. अंतरावर दोन आटे असतात व घटमालेचे तळपाते तेथेच बसते. तीन-चार किग्रॅ. वजन हे दोन लहान स्क्रू खड्ड्यांच्या रस्त्यावर फार दिवस पेलत नाहीत. नळीभोवती रबर घालून आणखी एकदोन कड्या आवळाव्या लागतात. आपल्याकडील दुधवाल्याच्या किंवा टपालवाल्याच्या काळ्या सायकलीला हे आटेच नसतात. त्या सायकलीच्या नळीला भोक पाडणे हा मोह टाळावा, कारण पातळ नळीला तेथूनच चीर जाते. कड्यांनी आवळलेले पत्र्याचे तळपाते हाच तिच्यासाठी योग्य उपाय. धन तारेत घटमालेच्या अगदी जवळ वितळतार म्हणजे फ्यूज असावी. तारा हँडल वळताना ताणल्या जाणार नाहीत व सांगाड्याच्या कडेवर घासणार नाहीत, अशा बेताने बांधाव्यात. नियंत्रकाकडे जाणाऱ्या तारेला खाली झोळ ठेवून मग ती वर न्यावी, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून घरंगळत पेटीत न शिरता झोळावरून ठिबकून जाते. कोकणातील पावसाळ्यात ही एवढीशी गोष्ट घटमालेचे आयुष्य ठरविते. विदर्भात उन्हाळ्याचा प्रश्न अधिक. बहुतेक उत्पादक भारणासाठी ० ते ४५ अंश से. ही मर्यादा सांगतात आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या सायकलची काळी पेटी याहून सहज तापते. अशी घटमाला सावलीत निवू देऊन मगच भारित करावी.

अपघात व नियमन : घटाच्या आत मंडलसंक्षेप झाला की उष्णता वाढते, सुमारे १३० अंश से.ला प्लॅस्टिकचा विभाजक वितळतो, आणखी उष्णता निर्माण होते व धनाग्रातून ऑक्सिजन सुटू लागतो. एक घट पेटला की शेजारचा तापतो. बाहेरची हवा कोंडून ही आग विझत नाही. भरपूर पाण्याने घट थंड करणे एवढाच मार्ग उरतो. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षी लिथियम घटमालांमुळे २६८ आगी लागल्या व १८ माणसे मृत्युमुखी पडली. यातील पुष्कळ सायकली घरोघर अन्न पोहोचविणाऱ्या कामगारांच्या होत्या. दिवसभर वापरलेल्या, पुष्कळदा जुने घट घालून पुन्हा बांधलेल्या घटमाला रात्री गर्दीच्या घरांत, दाराशेजारी भारित केल्या जात. दार पेटले की बाहेर पडण्याची वाटच पेटे. त्या शहराने २०२३ मध्येच मान्य मानकांनुसार प्रमाणित नसलेल्या सायकली व घटमालांची विक्री आणि वापरलेल्या घटमालांतील घट काढून नव्या बांधणे यांवर बंदी घातली. चीनमध्ये नानजिंग येथील एका निवासी इमारतीत २३ फेब्रुवारी २०२४ रोजी विद्युत् सायकली ठेवलेल्या तळमजल्यावरून आग पसरून १५ जण दगावले. त्याच वर्षी तेथे सायकलींच्या लिथियम घटमालांसाठी सक्तीचे सुरक्षा मानक लागू झाले आणि सायकलींचे सुधारित मानक १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आले. या मानकाने शिशाची घटमाला असलेल्या सायकलींना वजनाची मर्यादा ५५ वरून ६३ किग्रॅ.पर्यंत वाढवून दिली. जड घट पुन्हा आकर्षक वाटावा, ही घटना या इतिहासात लक्षणीय होय.

भारतात केंद्रीय मोटारवाहन नियमांनुसार चलित्राची अर्ध्या तासाच्या चाचणीतील शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किमी.पेक्षा कमी आणि घटमाला वगळून वजन ६० किग्रॅ.च्या आत असेल, तर असे दुचाकी वाहन मोटारवाहन मानले जात नाही. त्यास नोंदणी वा परवाना लागत नाही. घटमालेचे वजन वगळण्याच्या तरतुदीमागे शिशाच्या घटांचा काळ दिसतो. मार्च २०२२ मध्ये पुण्यात भर रस्त्यात एका विद्युत् स्कूटरने पेट घेतला, त्या सुमारास देशात इतरत्रही तशा घटना घडल्या आणि नोंदणीपात्र दुचाकींच्या घटमालांचे मानक त्याच वर्षाअखेरीपासून कडक झाले. वेगमर्यादा वाढवून घेतलेल्या वाहनांवर महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये कारवाईही केली. मात्र घरी बदललेली सायकल, तिचा वेग मर्यादेत असेल तर, या मानकाच्या कक्षेबाहेर राहते. तिच्या घटमालेची तपासणी विकणारा करील किंवा बसविणारा करील. तिसरा कोणी नाही. निकामी झालेल्या घटमालेसाठी २०२२ च्या केंद्रीय नियमांनी उत्पादकावर परत घेण्याची जबाबदारी टाकली आहे. फुगलेली, गळणारी किंवा पाण्यात बुडालेली घटमाला भंगारवाल्याच्या ढिगात न टाकता, वेगळी व कोरड्या जागी ठेवून अशा संकलनाकडे द्यावी. भंगारात तिच्यावर हातोडा पडला, तर उरलेली ऊर्जा तेथेच बाहेर पडते.